शेडनेटमधून उन्हात काढलेली केळीची रोपं: पान करपायच्या आधी फ्लुरोसन्स कॅमेऱ्यात काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: खानदेशात टिश्यूकल्चर केळीची नर्सरी आहे, ग्रँड नैन या केळीच्या जातीची रोपं शेडनेटमधून उघड्यावर काढली की काही बॅचमध्ये तीन-चार दिवसांत पानांवर पांढरट पट्टे येतात, मग कडा करपतात, आणि त्याच शेडमधल्या दुसऱ्या बॅचला काहीच होत नाही. फ्लुरोसन्स इमेजिंग करून, म्हणजे पानातून परत निघणाऱ्या लाल चमकेचे फोटो घेऊन, हे आधी कळेल का, निळे एलईडी आणि लाल फिल्टर लावून असा कॅमेरा स्वतः बनवता येईल का, आणि फोटोत पान जितकं जास्त चमकतं तितका ताण जास्त असं धरायचं का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचंही हो, पण त्या कॅमेऱ्याकडून नेमकं काय मागायचं ते आधी ठरवावं लागेल. तिसऱ्याचं साफ नाही, आणि मी तिथूनच सुरुवात करतो, कारण एवढी एक गोष्ट नीट समजली की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं.

आधी हा प्रयोग करून बघा. पालकाचं नाहीतर केळीचं कोवळं पान स्पिरिटमध्ये चुरडा, गाळा, आणि तो हिरवा अर्क अंधारात नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली धरा. तो गडद लाल चमकतो, अगदी ठळक. आता तोच टॉर्च जिवंत पानावर मारा, लाल चमक जवळजवळ दिसतच नाही. हरितद्रव्य दोन्हीकडे तेच आहे, फरक इतकाच की अर्कात त्या ऊर्जेला जायला दुसरी चांगली वाट उरलेली नाही, आणि जिवंत पानात आहे. पानाने शोषलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात: एक फोटोसिंथेसिसकडे, दुसरी उष्णता होऊन निघून जाणं, आणि तिसरी म्हणजे लाल प्रकाश होऊन परत बाहेर पडणं, तोच फ्लुरोसन्स. हा तिसरा वाटा एरवी जेमतेम एक-दोन टक्के. धरणाचा कालवा, सांडवा आणि भिंतीतली गळती असं डोळ्यासमोर आणा, आपण मोजतोय फक्त गळती आणि तिच्यावरून कालवा नि सांडवा कुठे किती उघडलेत याचा अंदाज बांधतोय. गळती वाढली तर कालवा बंद झाला असेल, गळती कमी झाली तर सांडवा मोठा उघडला असेल, किंवा कालवाच जोरात चालू असेल. म्हणून एका फोटोतल्या चमकेवरून काहीही सांगता येत नाही. ताणातलं पान जास्त चमकू शकतं आणि ताणातलंच पान कमीही चमकू शकतं, दोन्ही खरं आहे. त्यात पानाची जाडी, हरितद्रव्य किती, पान कॅमेऱ्यापासून किती लांब, किती कोनात, हे सगळं त्या चमकेत मिसळलेलं असतं.

यातून वाट काढतात ती अशी. पान आधी अंधारात ठेवायचं, किमान २०-३० मिनिटं, म्हणजे फोटोसिस्टीम-टूची (प्रकाश पकडून फोटोसिंथेसिसला लावणाऱ्या पानातल्या दोन यंत्रणांपैकी एक, दुसरी फोटोसिस्टीम-वन) सगळी केंद्रं मोकळी होतात, कालवा पूर्ण उघडा. मग इतक्या मंद प्रकाशात चमक मोजायची की त्या मोजण्यानेच केंद्रं भरू नयेत, ही झाली सर्वात कमी चमक, तिला एफओ म्हणतात. लगेच साधारण सेकंदभर अतिशय प्रखर झोत मारायचा, काही हजार मायक्रोमोलचा (पानावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक), सगळी केंद्रं एकदम भरतात, कालवा बंद, चमक शिखरावर जाते, ती एफएम. दोन्हीतला फरक म्हणजे एफव्ही, आणि त्याला एफएमने भागलं की येतो एफव्ही बाय एफएम. एफओ १०० आणि एफएम ५६० आली तर ४६० भागिले ५६०, म्हणजे ०.८२. निरोगी पानात हा आकडा ०.८३ च्या आसपास येतो, ब्योर्कमन आणि डेमिग यांनी १९८७ मध्ये बऱ्याच वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर मोजून हे दाखवलं आणि आजही सगळे त्याच आकड्याशी तुलना करतात. हे गुणोत्तर असल्यामुळे पान वाकडं असलं, थोडं लांब असलं, तरी वरचं-खालचं दोन्ही सारखंच कमी होतं आणि उत्तर बदलत नाही. इमेजिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलला हाच भागाकार होतो, बाकी काही जादू नाही. फक्त कॅमेऱ्याच्या सिस्टीमवर निरोगी पानालाही ०.७५ ते ०.८० असा जरा कमी आकडा येतो हे लक्षात ठेवा, ०.८३ आला नाही म्हणून घाबरून जाऊ नका. ऊस, मका, ज्वारी अशी सी-फोर पिकं (कार्बन पकडायची पद्धत वेगळी असलेली, बाकीची बहुतेक सी-थ्री) असतील तर आणखी थोडा कमी येतो, कारण त्यांच्यात फोटोसिस्टीम-वनची चमक एफओमध्ये जास्त मिसळते. केळी सी-थ्री आहे, तिथे ही अडचण तेवढी नाही.

तसं हे प्रकरण जुनंच आहे. १९३१ मध्ये जर्मनीत काउत्स्की आणि हिर्श यांनी अंधारातलं पान प्रकाशात आणल्यावर त्याची लाल चमक आधी झपकन वाढते आणि मग काही मिनिटांत हळूहळू उतरते हे चक्क डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं. पुढे १९८०च्या दशकात श्रायबर यांनी पॅम पद्धत आणली, म्हणजे मोजायचा प्रकाश लुकलुकता ठेवायचा आणि यंत्राने फक्त त्या लुकलुकीला मिळालेलंच उत्तर ऐकायचं, त्यामुळे दिवसाउजेडीही मोजता येऊ लागलं. काउत्स्कींनी पाहिलेली ती उतरती चमक तुमच्या घरगुती कॅमेऱ्यात फार कामाला येणार आहे, त्याकडे येतो.

आता उन्हाचा ताण. भर दुपारी मोकळ्या शेतात २००० मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश पडतो, ५० टक्के प्रकाश अडवणाऱ्या नेटखाली साधारण १०००, ७५ टक्केखाली ५००. (क्वांटम मीटर नसेल तर साधा लक्समीटर चालतो, सूर्यप्रकाशात ५४ लक्स म्हणजे साधारण एक मायक्रोमोल, एक लाख लक्सला १८५० धरा. हा हिशोब एलईडीला लावू नका.) सावलीत वाढलेल्या पानाला ५००-६०० च्या पुढचा प्रकाश बहुतेक वापरताच येत नाही. तो जादा प्रकाश आला की पान दोन टप्प्यांत प्रतिसाद देतं आणि या दोन टप्प्यांतला फरक ओळखणं हेच सगळं काम आहे, माझ्या मते इमेजिंग करणाऱ्यांची निम्मी भांडणं हा फरक न केल्यामुळे होतात.

पहिला टप्पा बचावाचा. थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या पातळ पडद्यांच्या पिशव्यांच्या, आत आम्लता वाढते, पीएसबीएस नावाचं प्रोटीन जागं होतं, व्हायोलाझँथिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचं झियाझँथिन बनतं आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून दिली जाते. यालाच एनपीक्यू म्हणतात. यात चमक खाली जाते, एफएम पडते, पण पान बिघडलेलं नसतं, उलट ते शहाणपणाने वागतंय. यातला मोठा भाग सावली मिळाल्यावर काही मिनिटांत सुटतो, झियाझँथिनचा भाग सुटायला जास्त वेळ घेतो. दुसरा टप्पा बिघाडाचा, फोटोइनहिबिशन. फोटोसिस्टीम-टूच्या मधोमध डी-वन नावाचं प्रोटीन असतं ते प्रकाशाने मोडतच असतं, रोज, प्रत्येक झाडात, आणि पान ते काढून नवीन बसवत असतं. मोडण्याचा वेग दुरुस्तीपेक्षा जास्त झाला की शिल्लक घटायला लागते, आणि ती सुधारायला तास नाहीतर दिवस लागतात.

म्हणून दुपारी दोन वाजता पान अर्धा तास अंधारात ठेवून ०.६५ आलं तर त्याचा अर्थ "पान गेलं" असा लावू नका. भर उन्हातल्या निरोगी आंब्याचाही दुपारचा आकडा उतरतो आणि रात्रीत भरून येतो. खरा निकाल पहाटेचा. सूर्य उगवायच्या आधी, रात्रभर अंधार मिळालेल्या पानावर मोजा. दुपारी पडलेला आकडा पहाटे परत वर आला असेल तर तो बचाव होता, पहाटेही खालीच असेल तर बिघाड आहे, आणि रोजची पहाट आदल्या पहाटेपेक्षा खाली जात असेल तर दोन-चार दिवसांत पांढरे पट्टे येणार, तेव्हा ते रोप ताबडतोब परत नेटखाली न्या. तुम्ही विचारलेलं "आधी कळेल का" ते इथे कळतं, पट्टा दिसायच्या आधी, कारण हरितद्रव्य जळून पान पांढरं पडणं ही फार उशिराची पायरी आहे, त्याआधी बराच काळ ती केंद्रं बंद पडलेली असतात आणि पान वरून हिरवंगार दिसत असतं.

आणखी एक खूण आहे, फुकटात मिळते. नुसतं गुणोत्तर बघू नका, एफओ आणि एफएम सुटेसुटेही बघा. समजा एफओ १०० वरून १२० झाली आणि एफएम ५६० वरून ३०० वर आली, गुणोत्तर ०.६०, इथे एफओ चढलीय म्हणजे केंद्रं खरोखर बिघडलीत. दुसऱ्या पानात एफओ १०० वरून ८० आणि एफएम ५६० वरून २७० झाली, गुणोत्तर ०.७०, दोन्ही उतरल्यात, म्हणजे सांडवा अजून उघडा आहे, पान अजून बचावातच अडकलंय. पहिल्याची काळजी जास्त करा. मात्र ही सुटी तुलना त्याच पानावर, त्याच अंतरावरून, त्याच सेटिंगवर केलेली असली तरच खरी, दोन वेगळ्या पानांच्या एफओची तुलना करून निष्कर्ष काढू नका.

केळीत हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगतो, कारण इमेजिंगचा खरा फायदा तिथे आहे, नाहीतर एकेका बिंदूवर मोजणारा साधा हातातला फ्लुरोमीटर स्वस्त पडतो. तुमच्या ग्रँड नैनच्या लहान रोपांच्या पानांवर ते तांबूस-जांभळे डाग असतात ना, एफओच्या फोटोत ते गडद ठिपके म्हणून दिसतात, नवखा माणूस लगेच म्हणतो इथे ताण आहे. तो अँथोसायनिनचा रंग आहे, तो निळा प्रकाश थोडा अडवतो म्हणून खालचं हरितद्रव्य कमी चमकतं. एफव्ही बाय एफएमच्या फोटोत तेच ठिपके जवळजवळ गायब होतात. गुणोत्तर का घ्यायचं हे एखाद्याला पटवायचं असेल तर मी हेच दोन फोटो शेजारी ठेवतो.

मग पानावर पान पडलेलं असतं. रोपं पिशव्यांमध्ये दाटीने ठेवलेली, एका रोपाचं पान दुसऱ्याच्या पानावर सावली धरून. उघड्यावर काढल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे इमेज घेतली की खालच्या पानावर वरच्या पानाची आकृती अगदी छाप उमटावी तशी दिसते, सावलीतला भाग चांगला, बाहेरचा उतरलेला, आणि सीमारेषा धारदार. डोळ्यांनी ते पान सगळं एकसारखं हिरवं असतं. अशी धारदार सीमा दिसली की कारण प्रकाशच आहे याबद्दल शंका ठेवायचं कारण नाही, कारण खताची कमतरता, मुळांचा त्रास, बुरशी यातलं काहीही सरळ सावलीच्या रेषेवर थांबत नाही. केळीचं पान दुपारी मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी खाली मिटतं हेही तुम्ही बघता, ते प्रकाश टाळणंच आहे, त्यामुळे शिरेजवळचा आकाशाकडे राहिलेला पट्टा आणि खाली झुकलेल्या बाजू यांच्यात फरक दिसतो. रोपाला पाणी कमी असेल किंवा मुळं अजून पिशवीत नीट धरली नसतील तर हे मिटणं लवकर सुरू होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कुठलं पान बघायचं. लॅबच्या बाटलीत तयार झालेली पानं ५०-१०० मायक्रोमोलच्या प्रकाशात बनलेली असतात, त्यांचं क्युटिकल (पानावरचा मेणाचा थर) पातळ, स्टोमॅटा (पानावरची बारीक छिद्रं) नीट मिटत नाहीत. ती पानं उन्हात टिकणारच नाहीत, त्यांचा आकडा पडला म्हणून बॅच वाईट ठरवू नका. नेटखाली आल्यावर पोंग्यातून, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानातून, उलगडलेलं सर्वात नवीन पूर्ण पान आणि त्याच्या मागचं एक, ही दोन बघा. नव्या प्रकाशात बनलेलं पानच सांगतं की रोप जुळवून घेतंय की नाही. बॅचमधला फरकही बऱ्याचदा यातच असतो: एक बॅच पावसाळ्यात ढगाखाली वाढली, ७५ टक्के नेट आणि वर आभाळ, म्हणजे कित्येक दिवस तिला शे-दीडशे मायक्रोमोलच मिळाले, आणि सप्टेंबरअखेर आभाळ मोकळं होऊन ऑक्टोबर हीट सुरू झाली त्याच आठवड्यात ती बाहेर काढली. दुसरी बॅच दहा दिवस उशिरा काढली, तिचं नवीन पान मोकळ्या आभाळाखाली नेटमध्येच उलगडलं होतं. नोंदवहीत दोन्हींच्या हार्डनिंगचे (रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावण्याचे) दिवस सारखेच दिसतात, पण त्यांना मिळालेला प्रकाश अजिबात सारखा नाही. तुमच्या वाईट बॅचच्या तारखा एकदा आभाळाशी लावून बघा.

दुसरा धोक्याचा काळ लोकांच्या डोक्यात नसतो, तो म्हणजे जानेवारी. खानदेशात थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो आणि सकाळी आभाळ लख्ख असतं. थंड पानात कार्बन पकडणारी एन्झाइम्स मंद, डी-वनची दुरुस्तीही मंद, आणि प्रकाश मात्र पूर्ण. केळीसारख्या उष्ण प्रदेशातल्या झाडाला ही सकाळ मे महिन्यातल्या दुपारइतकी, कधी त्याहून जास्त महाग पडते. त्या दिवसांत पूर्वेकडच्या बाजूला सकाळी दहापर्यंत जादा नेट टाकलं तरी आकड्यात फरक दिसतो.

मे महिन्याचं म्हणाल तर तिथे प्रकाश आणि उष्णता यांची गल्लत होते. पानाचं तापमान ४२-४५ अंशांच्या पुढे गेलं की बऱ्याच झाडांत एफओ एकदम चढायला लागते, ही उष्णतेची खूण, प्रकाश नसला तरी येते. आणि जळगावात हवाच ४३-४४ असते तेव्हा पाणी कमी पडलेलं, स्टोमॅटा मिटलेलं पान हवेपेक्षाही गरम होतं. म्हणून इमेज घ्याल त्या दिवशी दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटरने पानाचं तापमान लिहून ठेवा. नेमकं वेगळं करायचं असेल तर काही रोपं तशाच गरम जागी पण दाट सावलीत ठेवा, त्यांचाही आकडा पडला तर दोष उष्णतेचा.

पाण्याच्या ताणाबद्दल एकच सांगतो: एफव्ही बाय एफएम त्यासाठी चांगलं साधन नाही. पान सुकायला लागलं तरी हा आकडा बराच काळ ठीक दिसतो. पाणी कमी पडलंय हे उजेडात मोजलेल्या यील्डवरून (शोषलेल्या प्रकाशातला कामाला लागलेला वाटा) लवकर कळतं, १९८९ मध्ये जेंटी यांनी दिलेलं सूत्र, प्रकाशातली शिखर चमक वजा स्थिर चमक, भागिले शिखर चमक. त्याला पॅमचं यंत्र लागतं.

आणि तणनाशक. ॲट्राझिन, डाययुरॉन ही तणनाशकं फोटोसिस्टीम-टूच अडवतात, कालवाच बंद करतात, त्यामुळे पान भरपूर चमकतं आणि गुणोत्तरही बिघडतं. शेजारच्या उसात नाहीतर मक्यात फवारणी झाली, वारा तुमच्या शेडकडे होता, किंवा तोच पंप न धुता वापरला, तर कॅमेऱ्यात हुबेहूब ताणासारखं चित्र येतं. ओळखायचं कसं, तर हे चित्र शिरांच्या रेषेने जातं किंवा थेंबांच्या ठिपक्यांत दिसतं, सावलीची रेषा पाळत नाही, आणि सावलीत ठेवलेल्या पानातही तसंच राहतं. काही नर्सऱ्यांचा "उन्हाचा" प्रॉब्लेम शेवटी पंपात सापडलेला आहे.

आता कॅमेरा. निळे ४५० नॅनोमीटरचे एलईडी घ्या, पांढरे अजिबात नको, पांढऱ्यात लाल प्रकाश असतोच आणि तो फिल्टरमधून पार जाऊन फ्लुरोसन्स असल्याचं सोंग करतो. हरितद्रव्याची चमक ६८५ आणि ७४० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणून कॅमेऱ्यापुढे ६६५ किंवा ६९० चा लाँगपास काचेचा फिल्टर लावा, म्हणजे त्या आकड्याच्या पुढचाच प्रकाश आत सोडणारा. लाल जिलेटिन कागदावर विसंबू नका, निळा प्रकाश थोडा पार जातोच आणि असले काही कागद स्वतःच चमकतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते, ती नेमका आपला पट्टा खाते, म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा नोआयआर (ती काच नसलेला) कॅमेरा किंवा ती काच नसलेला मशीन-व्हिजन मोनोक्रोम कॅमेरा घ्या. एलईडीच्या पुढेही निळा फिल्टर टाकला तर उत्तम. फिल्टर बरोबर आहे का ते तपासायला पानाच्या जागी पांढरा कागद नको, त्यातली झळाळी आणणारी द्रव्यं स्वतः चमकतात, ॲल्युमिनियमची फॉइल ठेवा, ती काळी दिसली पाहिजे. खोका आतून मॅट काळा, रोप पिशवीसकट आत बसेल एवढा. पिशवीवरच्या आणि मातीवरच्या हिरव्या शेवाळाला काळ्या कापडाने झाका, नाहीतर तेही इमेजमध्ये पान म्हणून मोजलं जातं. पानावर दव असेल तर टिपून घ्या.

सेटिंगमध्ये ऑटो काहीही ठेवू नका. एक्स्पोजर, गेन, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने पक्कं करा आणि फाइल रॉ घ्या, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे. जेपीईजीमध्ये कॅमेरा आकडे वाकवतो, दुप्पट प्रकाश दुप्पट दिसत नाही, आणि आपलं सगळं काम भागाकाराचं असल्यामुळे तिथेच ते निकामी होतं. एलईडी बंद ठेवून एक काळी फ्रेम घ्या आणि प्रत्येक फ्रेममधून वजा करा.

पण या कॅमेऱ्याने एफव्ही बाय एफएम काढायचा हट्ट सुरुवातीला धरू नका. प्रखर प्रकाश लागल्यावर चमक एफओवरून शिखरावर जायला सेकंदही लागत नाही, वाटेतला पहिला टप्पा दोन मिलिसेकंदांत आणि दुसरा ३० मिलिसेकंदांत होऊन जातो. तुमचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल तर पहिली फ्रेम येईपर्यंत एफओ कधीच मागे पडलेली असते. आणि एफओ मंद एलईडीवर, एफएम प्रखर एलईडीवर अशी मोजून भागाकार केला तर तो चुकीचाच येणार, दोन्हींचा प्रकाशच वेगळा आहे. पॅममध्ये दोन्ही वेळा मोजायचा झोत तोच असतो म्हणून ते जमतं.

त्याऐवजी काउत्स्कींची ती उतरती चमक घ्या. रोप अर्धा तास अंधारात ठेवा, प्रखर निळे एलईडी लावा आणि चार-पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करा. सुरुवातीची शिखर चमक आणि शेवटची स्थिर चमक यांच्यातला फरक भागिले स्थिर चमक, याला आरएफडी म्हणतात, जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या लिख्टेनथालर यांनी हे माप खूप वापरलं आणि रुजवलं. चांगल्या पानात हा आकडा तीनच्या आसपास किंवा वर जातो, एकच्या खाली गेला तर पानाचं काम जवळपास थांबलेलं समजा. सावलीत वाढलेल्या पानाला मुळातच कमी येतो, म्हणून बाहेरच्या आकड्यांपेक्षा तुमच्या नेटमधल्या न हलवलेल्या रोपांशी तुलना करा. यात एफओ लागतच नाही, स्वस्त कॅमेरा पुरतो, आणि हेही गुणोत्तरच असल्याने प्रत्येक पिक्सेलला काढता येतं. अट एवढीच की पाच मिनिटांत एलईडी गरम होऊन मंदावता कामा नये, त्यांना हीटसिंक आणि पंखा द्या, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात फिल्टरमधूनही चमकणारा एखादा फ्लुरोसन्ट प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवा, त्याची चमक घसरली तर त्या प्रमाणात सगळं दुरुस्त करता येतं. वाऱ्याने किंवा पंख्याने पान हलू देऊ नका, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये पान दोन मिलिमीटर सरकलं तरी कडेला खोटा पट्टा तयार होतो, आणि करपण्याचीही सुरुवात कडेलाच होते म्हणून हे जास्त फसवतं.

तयार यंत्रावर कृषी विद्यापीठात किंवा एखाद्या संशोधन संस्थेत काम करायला मिळालं तर रंगांकडे सावधपणे बघा. वाल्झ कंपनीच्या इमेजिंग-पॅममध्ये शून्य काळं, मग लाल, पिवळं, हिरवं, निळं आणि एकला गुलाबी-जांभळं, म्हणजे निरोगी पान निळं दिसतं. बऱ्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निळं म्हणजे कमी आणि लाल म्हणजे जास्त. दोन ठिकाणचे फोटो शेजारी ठेवून कुणी लाल पानाला आजारी म्हणत असेल तर आधी रंगपट्टी मागा. आणि पट्टीची दोन टोकंही, ०.७० ते ०.८५ एवढीच पट्टी ताणली की क्षुल्लक फरकही भयंकर दिसतो.

तुमच्या जागी मी असं करेन. प्रत्येक बॅचमधून दहा-बारा रोपं खुणा करून ठेवेन, त्यातली निम्मी नेटमध्येच राहतील. बाहेर काढायच्या आदल्या पहाटे सगळ्यांची मापं, मग बाहेर काढलेल्यांची पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या पहाटे, न काढलेल्यांसोबत. मोजताना टॉर्च लागलाच तर अगदी मंद हिरवा, मोबाईलचा स्क्रीन पानासमोर नको. यंत्र एफव्ही बाय एफएम देणारं असेल तर माझा ठोकताळा असा आहे की नेटमधल्या रोपांपेक्षा ०.०५ पर्यंत घट असेल तर पुढे जा, ०.१० च्या आसपास असेल तर त्याच पायरीवर थांबा आणि नवीन पान उलगडू द्या, त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या पहाटे आणखी खाली गेलं तर मागे घ्या. मागे घेतलेली रोपं अंधाऱ्या खोलीत ठेवू नका, डी-वनच्या दुरुस्तीला थोडा प्रकाश लागतो, दाट नेटखालची मंद सावली सगळ्यात चांगली. आणि ७५ वरून थेट उघड्यावर न नेता मध्ये ५० टक्केची पायरी ठेवा, निदान एक नवीन पान त्या पायरीवर उलगडेपर्यंत. त्या पायरीचे दिवस कॅलेंडरवर धरू नका, ढगाळ आठवड्यात ते पान उलगडलं असेल तर आणखी एकाची वाट बघा.

मापं घ्यायला सुरुवात करायच्या आधी एकदा भर दुपारी शेडमध्ये लक्समीटर घेऊन फिरा, नेटचे जोड जिथे सुटलेत, जिथे भोक पडलंय, तिथून पडणारी उन्हाची तिरीप दिवसभर रोपांच्या रांगेवरून सरकत असते. त्या रांगेतली रोपं नमुन्यात आली तर बाकी बॅचचे आकडे उगाच खाली ओढतील, त्यांना वेगळी खूण करा आणि नेट शिवून घ्या.